साडेबाराची मॅच

पालघरला पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि आमची मॅच नऊची होती. सव्वाआठला ती साडेबाराची झाली. मुलांची फायनल आधी घेणार, कारण पाहुणे दहाला येणार, आणि पाहुण्यांना मुलांची मॅच बघायची असते. मुलींची कोण बघणार? ऊन बघेल.

टेबलावरच्या माणसाला विचारलं, "चार तास आम्ही काय करायचं?"

"सावलीत बसा ना मॅडम," तो म्हणाला. त्याच्या डोक्यावर मंडप होता, पंखा होता. टेबलाखाली त्याचे पाय उघडे होते. नवरात्राची आठवी माळ. पालघर अर्धं अनवाणी होतं.

मी मंदा. बोईसरजवळ सरावलीच्या एका शाळेत पी.टी. शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला की मी शिक्षक, नाही घेतला की कोणी नाही. मुलींना बास्केटबॉल शिकवते ते तास संपल्यावर, त्याचा हिशोब कुठेच नाही. अकरा वर्षं शिकवते. या अकरा वर्षांत आमच्या मुलींची मॅच सकाळच्या उन्हात दोनदा पडली. बाकी सगळ्या साडेबाराच्या.

आमचं ग्राउंड शाळेमागे आहे. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला. वारा भिंतीकडून आला की डोळे चुरचुरतात, मग आम्ही नाल्याकडच्या बास्केटवर खेळतो. वारा फिरला की आम्ही फिरतो. जाळी नाही, नुसत्या रिंगा. तरी यंदा सतरा वर्षांखालच्या मुली जिल्ह्याच्या फायनलला आल्या होत्या, पहिल्यांदा.

आणि ही फायनल जिंकायचीच होती. संस्थेचे अध्यक्ष कृष्णकांत शेठ यांनी गणपतीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं की इंग्रजी माध्यमाच्या बसगाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, बरं दिसत नाही, मागच्या ग्राउंडवर शेड टाकू. मी उभी राहून म्हटलं, मुली खेळतात तिथे. शेठ हसून म्हणाले, "मंदाताई, खेळतात ते ठीक, पण काही आणतात का? जिल्ह्याचा कप आणा, शेड विसरून जाऊ." सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून मला धरून ठेवता आलं. कप नाही तर ग्राउंड नाही, ग्राउंड नाही तर टीम नाही. इतकं सरळ होतं.

मुली सात. त्यातली उन्नती नसेल तर बाकीच्या सहा म्हणजे नुसती पळापळ. उंच म्हणून नाही, उंच हिनाही आहे. उन्नतीला बॉल रिंगवरून कुठे पडणार ते आधी कळतं. मी विचारलं होतं, कसं कळतं गं? म्हणाली, "काय नाय मॅडम, डोल ओढताना दोर कुठून सुटल त्ये बघाया लागतं, तसंच." डोल म्हणजे त्यांचं समुद्रातलं मोठं जाळं. तिचा बाप महादू नवापूरकडच्या किनाऱ्यावरचा तांडेल, बोटीचा म्होरक्या, स्वतःची बोट. आई वत्सला सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसते.

गेल्या वर्षी महादूची बोट खाडीच्या तोंडाशी उलटली. तो डिझेलचा रिकामा कॅन धरून रात्रभर पाण्यात होता. वत्सलाने त्या रात्री देवीला बोलून ठेवलं, माणूस परत दे, घरातली सगळी पाच नवरात्रं अनवाणी राहतील. सकाळी माणूस मिळाला. सगळी म्हणजे उन्नतीही. तिला कोणी विचारलं नव्हतं. पण तिने ते स्वतःचं करून घेतलं होतं.

फायनल खरं तर नवरात्राआधी होती. पावसाने पुढे गेली आणि आठव्या माळेवर येऊन बसली. माझी चूक इथे आहे, ती सांगून टाकते. मला वाटलं, अख्खा जिल्हा अनवाणी फिरतोय, एका पोरीच्या पायांना कोण अडवेल? सात दिवस ती सरावाला अनवाणीच खेळली, संध्याकाळी, सिमेंट निवल्यावर. मला जरा कौतुकही वाटलं. नियमांचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. मी उघडलं नाही.

साडेअकराला ग्राउंडवर हात टेकवून बघितला. टेकवला तसा उचलला.

पंच दिपेश सर टीमची यादी तपासायला आले. वसईकडचे, भले माणूस, ओळखीचे. सगळ्यांचे पाय बघत बघत उन्नतीपाशी थांबले.

"हिचे बूट?"

"नवस आहे सर."

"असेल मॅडम. माझी बायकोपण अनवाणी आहे. पण बुटांशिवाय मी कोर्टवर घेऊ शकत नाही. आणि नियम सोडा, हात लावून बघितलात? पाय भाजले तर मी उत्तर देणार का तुम्ही?"

"मग सकाळी घ्यायची होतीत ना मॅच."

"ते माझ्या हातात नाही. मी शिटी वाजवतो."

ते बरोबर होते. त्याचाच जास्त राग आला. चुकीच्या माणसाशी भांडता येतं.

उन्नतीला बाजूला घेतलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बाकीच्या मुली बसल्या होत्या, तिथून जरा लांब.

"बूट घाल," मी म्हटलं. "फक्त मॅचपुरते. देवीला कळतं."

"नाय मॅडम."

"अगं, चाळीस मिनिटांचा प्रश्न आहे."

"बाबा दर्यात हाय." ती जमिनीकडे बघून बोलत होती. "रविवारपासून. परवा वादळाचा बावटा लागला, समद्या बोटी आल्या. आमची नाय आली. वायरलेसपण लागत नाय."

मला हे माहीत नव्हतं. परवापासून ही पोर सरावाला येत होती, रिबाउंड घेत होती, आणि बोलली नव्हती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून तुमी काय करणार व्हत्या?"

हिना मागून आली होती. हिना गप्प बसू शकत नाही. म्हणाली, "उन्नती, तू नाही खेळलीस तर मला त्या डहाणूच्या म्हशीला अडवायला लागेल. बघितलीस ती? माझी मयत इथेच काढायला लागेल, मग तुझा नवस माझ्या नावाने."

उन्नती जराशी हसली. पण मान हलवली. "बाबा दर्यात हाय तवर नाय. मी बूट घातलं आन् काय झालं तर?"

"आणि बोट बंदराला लागली तर?" मी विचारलं.

हा प्रश्न मी सहज विचारला असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही.

तिने विचार केला. ती विचार करते तेव्हा अंगठ्याने बोटांची पेरं मोजते. "लागली तर मंग... जमिनीवर असंल तो. मंग देवीला मी सांगंन. पन लागू दे आधी."

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फोन घेऊन मंडपामागे गेले. मुलींजवळ फोन नव्हते, सगळ्यांच्या घरी दिलेला एकच नंबर, माझा. वत्सलाने पहिल्याच रिंगला उचलला. मागे वारा आणि बायकांचे आवाज.

"आली का बोट?"

"नाय गो मॅडम. आमचीच तेवढी नाय. मी हितंच हाय धक्क्यावर, सकाळपासून. पोरीला काय सांगू नका, खेळू द्या तिला."

"हो," मी म्हटलं.

परत येताना मंडप ओलांडावा लागला. मुलांच्या फायनलचे पाहुणे जेवायला उठत होते. कृष्णकांत शेठ पहिल्या रांगेत, सोफ्यावर. आमची शाळा म्हणून आले होते. नऊ दिवस अनवाणी असतात ते, दर वर्षी, पेपरात फोटो येतो. गाडीतून उतरल्यापासून सोफ्यापर्यंत गालिचा टाकला होता. गालिचा सावलीत होता.

"मंदाताई, कप घेऊनच निघायचं हां," शेठ म्हणाले. "शेडवाला सोमवारी येतो म्हणतोय. त्याला काय सांगू?"

टाकीपाशी पोचेपर्यंत तीस पावलं असतील. त्या तीस पावलांत मी ठरवलं असं म्हणू शकत नाही. ठरवलं असतं तर पाय अडखळले असते. मी सरळ चालत गेले.

"लागली," मी म्हटलं.

उन्नती उभी राहिली. "बोट?"

"आत्ताच. आईने सांगितलं. वारा फार आहे तिकडे, आवाज नीट येत नाही, म्हणून तुला नाही दिला. बाबा बरा आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. शोधलं नाही काही, नुसतं बघितलं. मग दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, आणि एकदम पोरगी झाली, पंधरा वर्षांची, इकडे तिकडे बघत. "मॅडम, बूट कुठं हायेत? मी आनलेच नायत."

मी माझे काढले. सहा नंबर, तिचाही सहाच.

आमच्या टीमचा एक नियम आहे, तो इथे सांगायला हवा. सरावाला पंच नसतो. म्हणून मी अकरा वर्षांपूर्वी ठरवून दिलं, धक्का आपला असेल तर आपण हात वर करायचा. कोणी बघितलं नसलं तरी. मग ग्राउंडला एक फेरी मारून परत खेळात यायचं. भांडण मिटतं, म्हणून केलेला नियम. पण मुलींना त्याची सवय मॅचमध्येही लागली. पंचाने न बघितलेल्या फाऊलला आमच्या मुली हात वर करतात. दुसऱ्या शाळांचे कोच हसतात. मला अभिमान होता त्याचा.

साडेबाराला शिटी वाजली. मी बाजूच्या रेषेवर उभी, पायात नुसते मोजे. पाच मिनिटांत कळलं की मोजे काही कामाचे नाहीत. सिमेंटमधून धग वर येत होती, तळव्यांतून नडगीत. खुर्ची होती. बसले नाही. बसले असते तर खिशातला फोन मांडीला लागला असता आणि मला त्याची थरथर जास्त जाणवली असती, असं काहीतरी डोक्यात होतं. ते खरं कारण नव्हतं. भाजत होतं ते मला हवं होतं, हे खरं.

उन्नती खेळली. कशी खेळली ते काय सांगू. माझ्या बुटांत ती आधी दोनदा घसरली, मग बूट तिचे झाले. डहाणूची ती थोराड पोर, जिला हिना म्हैस म्हणाली होती, तिला खरंच कोणी हलवू शकत नव्हतं, पण उन्नती तिच्या आधी जागेवर असायची. हाफटाइमला बावीस-अठरा, आमचे बावीस. पाणी पिताना तिने विचारलं, "बाबा बोलला काय माज्याबद्दल?"

"नंतर बोल," मी म्हटलं. "आधी खेळ."

तिसऱ्या क्वार्टरला फोन थरथरला. वत्सला. मी स्क्रीन बघितली आणि उचलला नाही.

तो फोन का नाही उचलला, हे मला कोणी विचारलं तर मी तोंडावर सांगेन. तो एकतर चांगली बातमी होती किंवा वाईट. चांगली असती तर थांबू शकत होती. वाईट असती तर मला मॅच थांबवावी लागली असती. मी कपसाठी एका बाईचा फोन खिशात थरथरू दिला. दोनदा. मग थांबला.

शेठ मंडपातून मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. रेषेपाशी आले, गालिच्याच्या टोकापर्यंत. माझ्या पायांकडे नजर गेली.

"अरे वा मंदाताई, तुम्हीही अनवाणी? उन्हात उभ्या राहून? याला म्हणतात श्रद्धा."

मी नजर बॉलवरच ठेवली.

शेवटचं अर्धं मिनिट. चौतीस-तेहतीस, आमचे चौतीस. डहाणूची पोर लेअपला उठली, उन्नती उठली, बॉल बाहेर. दिपेश सरांनी बॉल आम्हाला दिला. त्यांच्या नजरेआड होतं, दिसलं नसणार. आणि उन्नतीने हात वर केला.

"माझा फाऊल सर. कोपर लागलं."

अख्खा मंडप ओरडला. हिनाने डोक्याला हात लावला. दिपेश सरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी म्हणेन. तिचा तो चौथा होता. पाच झाले की बाहेर.

मी ज्या रेषेवर उभी होते तिथे दोन्ही हात खाली धरून उभी होते.

डहाणूने दोन फ्री थ्रो मारले. पहिला आत गेला, दुसरा रिंगेला लागून उडाला, आणि तो कुठे पडणार हे मैदानात एकाच मुलीला माहीत होतं. तिने घेतला, हिनाला दिला, हिना पळाली. छत्तीस-चौतीस. शिटी.

मुलींनी एकमेकींना उचललं. शेठच्या हातून कप घेतला, फोटो काढला. शेठ म्हणाले, शेडचं बघू पुढच्या वर्षी. म्हणजे शेड येणार आहेच, फक्त आमचं एक वर्ष वाढलं. फोटोत मी मागच्या रांगेत आहे, पाय दिसत नाहीत.

"मॅडम, फोन द्या ना. बाबाला सांगते."

"बॅटरी गेली गं."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं, हे मला त्या दिवशी कळलं. वत्सलाला फोन करायची हिंमत नव्हती. बाथरूमला जाऊनही करता आला असता. नाही केला.

परतीच्या इको गाडीत आम्ही आठ जणी कोंबून बसलो. मुली गात होत्या. उन्नती माझ्या शेजारी, कप मांडीवर, त्याच्यावर तिने बोटाने टकटक लावली होती. माझे तळवे उकळत होते. उमरोळीच्या पुढे फोन वाजला. गेलेल्या बॅटरीचा फोन, मोठ्याने, सगळ्या गाडीत.

उन्नतीने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी उचलला.

"मॅडम," वत्सला रडत होती की हसत होती कळेना. "लागली गो बोट. आत्ताच. इंजिनचा शाफ तुटला व्हता त्यांचा, डहाणूवाल्यांनी वढत आनली. वढत आनतायत कळलं तवापासून फोन लावते तुमाला. पोरगी कुठं हाय?"

मी फोन उन्नतीकडे दिला.

ती आईशी बोलली. बापाशी बोलली. बापाला कपाबद्दल सांगितलं. त्याने काहीतरी विनोद केला असणार, कारण ती हसली, आणि हसता हसता तिने विचारलं, "आत्ता लागली म्हंजे कवा?" मग ऐकलं. मग म्हणाली, "बरं. येते घरी."

फोन बंद करून तिने तो माझ्या हातात दिला. वेळ स्क्रीनवर होती, तीन वाजून आठ मिनिटं. तिने वाकून बूट काढले. लेस सोडून, नीट, एक एक करून. बूट माझ्या पायांशी ठेवले आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मुली गात होत्या. हिना म्हणाली, "काय झालं गं, बाबा ठीक ना?" ती म्हणाली, "ठीक हाय." बोईसर येईपर्यंत एवढंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सराव होता. मला वाटलं ती येणार नाही. आली, स्वतःच्या बुटांत, वेळेवर. मला नमस्कार केला, सगळ्या करतात तसा. माझ्या तळव्यांना फोड आले होते, चालताना कळत होतं. तिने बघितलं आणि नजर काढून घेतली.

वारा भिंतीकडून होता म्हणून आम्ही नाल्याकडच्या बास्केटवर खेळत होतो. दहा मिनिटांनी उन्नतीने हिनाला ढकललं. चुकून नाही, दोन्ही हातांनी, सगळ्यांसमोर. हिना पडली, गुडघा सोलला. बॉल घरंगळत नाल्याच्या कठड्याला लागला. सगळ्या थांबल्या. उन्नतीचा हात वर जाईल याची वाट बघत.

नाही गेला.

"उन्नती," मी म्हटलं. "हात."

ती माझ्याकडे वळली. ओठ घट्ट मिटलेले, अंगठा बोटांच्या पेरांवर.

"आदी तुमी," ती म्हणाली.

बाकीच्यांना काही कळलं नाही. हिना बसल्या जागेवरून दोघींकडे बघत होती. मी सांगू शकले असते, समजावू शकले असते, की ग्राउंड वाचलं, तू इथे उभी आहेस ती त्या खोट्यामुळे, बाबा घरी आहे ना. ते सगळं डोक्यात तयार होतं. तीन दिवस मी तेच तयार करत होते.

मी हात वर केला.

"खोटं बोलले मी," मी म्हटलं. "मॅचच्या आधी. हिची बोट आली नव्हती, मी आली म्हटलं."

कारखान्याच्या भिंतीआड भोंगा झाला, पाळी सुटली. मी ग्राउंडच्या कडेने पळायला लागले. पळायला कसली, फोडांवर लंगडत. भिंतीपाशी डोळे चुरचुरले. नाल्याकडे वळले तेव्हा मागे पावलं ऐकू आली. वळून न बघता कोणाची ते कळलं.

ती माझ्या दुप्पट पळते. तिला मला गाठायला चार पावलं लागली असती. पण ती दहा हात मागेच राहिली, शेवटच्या वळणापर्यंत. पुढे गेली नाही, आणि बरोबरही आली नाही.